सिनेमानंतरची पत्रं

‘चुलवण’ या चित्रपटाची पटकथा कोणी लिहिली, याचा ‘ठसामापक’ या संगणकयंत्रणेने आठवडाभर शोध घेतला आणि उत्तर दिलं: कोणीही.

“कोणीही म्हणजे?” डॉ. मृदुला हेर्लेकरांनी चष्मा पुसून पडद्याकडे पुन्हा पाहिलं. कोल्हापूरच्या भाषामापन प्रयोगशाळेत इतकं उद्धट उत्तर या यंत्राने याआधी कधी दिलं नव्हतं.

“जिल्ह्यातला कुठलाही माणूस, मॅडम,” त्यांचे सहकारी रमझान मुजावर म्हणाले. “मी माझे घरचे निरोप घालून बघितले. तेही एक्क्याण्णव टक्के जुळले.”

समोर ब्याऐंशी वर्षांचे यशवंत इंगवले मास्तर बसले होते. त्यांच्या नावावर नऊ चित्रपट होते, पण त्यांचं म्हणणं असं की त्याआधीचा, १९८६ सालचा ‘चुलवण’ही आपणच लिहिला. गुऱ्हाळाच्या चुलवणावर, म्हणजे भट्टीवर, राबणाऱ्या माणसांच्या त्या गोष्टीने अख्खा जिल्हा रडवला होता, आणि पडद्यावर लेखक म्हणून नाव झळकलं होतं निर्माते मालोजीराव नलवडे यांचं. हस्तलिखित उरलं नव्हतं. आता चित्रपटाची नवी प्रत निघत होती. श्रेयनामावलीत कोणाचं नाव जायचं ते आज संध्याकाळी पाचपर्यंत प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरणार होतं. मास्तरांना तिथे एकदा आपलं नाव बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

“मला कळंल असं सांगा की,” मास्तर म्हणाले.

“मोठे शब्द माणूस निवडून वापरतो,” हेर्लेकर म्हणाल्या. “छोटे आपोआप येतात. नाही म्हणायला तो किती आढेवेढे घेतो, कुठे थांबतो, प्रेमाचं बोलताना कुठल्या साध्या गोष्टीआड लपतो, या सगळ्याचा मिळून वाक्‌ठसा बनतो. बोटाच्या ठशासारखाच. ‘चुलवण’चा ठसा तुमच्या नऊ चित्रपटांशी सत्त्याण्णव टक्के जुळतो. पण तो दुसऱ्या कोणाशी जुळता कामा नये, आणि इथे तर सगळ्यांशी जुळतोय!”

शेजारी बसलेले निर्मात्यांचे चिरंजीव जयसिंगराव जरा सैलावले. माणूस वाईट नव्हता. मेलेल्या बापावर चोरीचा आळ यावा हे त्यांना सोसत नव्हतं, एवढंच.

“मी तरी दुसरं काय म्हणतोय? आमच्या घरात असंच बोलायचे,” ते म्हणाले. “ही बघा बाबांची पत्रं. मी पन्हाळ्याला बोर्डिंगात होतो तेव्हाची.” त्यांनी रुमालात बांधलेला गठ्ठा पुढे केला.

पत्रं यंत्रात गेली. बहुतेक सगळी जुळली. मास्तर खाली मान घालून बसले.

मुजावर मात्र चिवट माणूस. त्यांनी एकेक पत्र तारखेप्रमाणे लावलं आणि आकडे वाचू लागले. “पंच्याऐंशीची पत्रं, अकरा टक्के. शहाऐंशीच्या दिवाळीत चित्रपट लागला. त्या डिसेंबरचं पत्र, एकोणऐंशी. सत्त्याऐंशी साल, नव्वदच्या वर.”

हेर्लेकर ताडकन उठल्या. “अहो, आपली मोजपट्टीच चुकली! तुलनेसाठी आपण आजची माणसं घेतली. त्यांच्या घराघरांत हेच संवाद वाजत आलेत. लग्नाच्या मांडवात कॅसेट, चहाच्या टपरीवर कॅसेट. चित्रपट लोकांसारखा बोलत नाही, मुजावर. लोक चित्रपटासारखे बोलतात!”

मग एका महाविद्यालयाने जमवलेली शहाऐंशीपूर्वीची चारशे खासगी पत्रं त्यांनी तुलनेला घेतली. तासाभरात उत्तर आलं. चारशेंपैकी एकाशीही ठसा जुळत नव्हता. मास्तरांनी त्र्याऐंशी साली भावाला लिहिलेलं एक पत्र पुरावा म्हणून सोबत आणलं होतं, त्याच्याशी मात्र तो शहाण्णव टक्के जुळला. एका माणसाची बोलायची तऱ्हा एका पिढीत अख्ख्या जिल्ह्याची होऊन बसली होती, आणि त्याचा पत्ता ना जिल्ह्याला होता, ना त्या माणसाला. मुजावरांसारखा रुक्ष माणूस मास्तरांचा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला.

जयसिंगरावांनी श्रेयनामावलीचा कागद ओढला, वडिलांचं नाव खोडलं आणि स्वतःच्या हाताने मास्तरांचं लिहिलं. मग ते गठ्ठ्याकडे बघत राहिले.

“आधीच्या पत्रांत एवढंच असायचं, ‘फी भरली आहे. अभ्यासात हयगय नको.’ नंतरची मात्र मी आयुष्यभर जपली. वाटलं, बाबा माझ्याशी बोलायला लागले.” त्यांनी गठ्ठा जवळ ओढला. “म्हणजे ती बाबांची नव्हेतच?”

हेर्लेकरांनी चष्मा काढून ठेवला.

“एखादं वाचा की,” मास्तर म्हणाले.

जयसिंगरावांनी वरचंच पत्र उघडलं. “‘जाताना तू मागं वळून बघितलं नाहीस, ते बरं केलंस. दोघांत एकानं बघितलं की पुरे. मी बघत होतो.’”

मास्तर खुर्चीत पुढे सरकले.

“परत वाचा.”

जयसिंगरावांनी परत वाचलं.

“ठसा तुमचाच आहे, मास्तर,” मुजावर हळूच म्हणाले. “त्र्याण्णव टक्के.”

“आसंल,” मास्तर म्हणाले. “पण हे मला सुचलं नसतं.”