पाठीमागून हलका धक्का

बॅगा बघून विचारताय म्हणून सांगते, नाहीतर हे बोलण्यासारखं नाही.

मला स्कीमधलं काही कळत नाही. दरवर्षी बर्फातल्या सुट्टीचा बेत नवरा आणि लेक, दोघंच आखायची. तो स्कीवाला, ती स्नोबोर्डवाली. जेवणाच्या टेबलावर उतारांचा नकाशा पसरून दोघं अशी हमरीतुमरीवर यायची, की मी माझं ताट मांडीवर घेऊन जेवायची. तिथं गेल्यावरही मी आपली खिडकीत बसून कॉफी पिणार. कुणाला हौस आहे हातपाय मोडून घ्यायची?

गेल्या हिवाळ्यात आमची भिंगरी 'शेवटची एकच फेरी गं आई' म्हणून वर गेली. भिंगरी म्हणजे लेक, एका जागी ठरत नसे म्हणून ते नाव. ढग खाली उतरले. नंतर बर्फ वितळला, उतारांवर गवतही आलं, पण माझी पोर काही सापडली नाही.

आणि यंदा नवऱ्यानं पुन्हा बेत आखला. तेच गाव, तीच खोली, तिघांची! तिचा घरी राहिलेला जुना स्नोबोर्डसुद्धा आमच्या नेहमीच्या स्कीच्या दुकानात मेण लावून तयार करायला दिला.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणाले. त्यानं टेबलावर नकाशा पसरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोट अडकवला आणि सगळं रद्द करायला तडक दुकान गाठलं.

दुपारच होती, पण आभाळ भरून आलेलं. दुकानात गरम मेणाचा वास कोंदला होता. म्हातारा दुकानदार समोर वाकून स्नोबोर्डच्या तळाचं मेण खरवडत होता. खर्र... खर्र... तिचाच बोर्ड.

या दुकानदाराची एक रीत आहे. नव्या माणसाला पाठमोरं उभं करायचं आणि बेसावध असताना मागून हलकंच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो, तोच पाय बोर्डवर पुढे ठेवायचा. भिंगरीला पहिल्यांदा ढकललं तेव्हा खिदळत सुटली होती. मग घरात तोच उद्योग! मी गॅसपाशी असो की कपडे वाळत घालत असो, पाठीत दोन हात बसलेच. वळून बघेपर्यंत स्वारी पसार.

"काका, हे सगळं रद्द करा," मी म्हणाले.

"मला कळतंय, वहिनी. पण साहेबांना नाही कसं म्हणू?"

मी पर्समधून पावती काढली. आणि तेवढ्यात... मागून कुणीतरी मला ढकललं.

हलकंच. दोन तळवे. माझा पाय पुढे पडला. दुकानदार तर माझ्या समोर होता, दोन्ही हात बोर्डवर. मी गर्रकन वळले. कुणी नाही. कोटाची पाठ मात्र ओली, गार.

धावतच घरी आले. नवरा टेबलापाशी उभा होता, भिंगरीच्या खोलीकडे पाठ करून.

"तुलाही?" त्यानं न वळताच विचारलं.

"कधीपासून रे?"

"बेत आखायच्या आदल्या दिवशी दुकानासमोरून जात होतो, तेव्हापासून... वळू नकोस. वळलं की जाते."

काय राग धरायचा हो अशा माणसावर? मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. मग पाठीमागं तिच्या खोलीचं दार करकरलं. ओल्या लोकरीचा वास आला. मला रडू आवरेना. "बाळा," मी म्हणाले, "ढकल ना गं... एकदाच..."

पाठीवर दोन तळवे टेकले. ढकललं नाही, नुसते टेकले.

"दोन्ही हात माझ्या पाठीवर आहेत..." मी पुटपुटले.

"नाही गं," त्याचा आवाज चिरकला. "दोन्ही माझ्या पाठीवर आहेत."

आम्ही तसेच उभे. कुणाचीच वळायची हिंमत होईना. तेवढ्यात फोन वाजला आणि पाठीवरचा गारवा एकदम गेला. फोन त्या गावच्या हॉटेलातून होता. कुणी नवी मुलगी होती, तिला आमचं काय ठाऊक!

"मॅडम, खोली पक्की झाली. चार पलंग."

"तीन," मी म्हणाले.

"आत्ताच तुमच्या मुलीचा फोन येऊन गेला ना. सोबत कुणीतरी येतंय म्हणाली."

खरं सांगू? आधी मला बरंच वाटलं. इतके दिवस पोर तिथं एकटी नव्हती तर. मग मी विचारलं, "कोण येतंय?"

"ते नाही सांगितलं. फार हळू बोलत होती, कुणी ऐकेल म्हणून भ्यायल्यासारखी. तिचा पलंग तुम्हा दोघांच्या मध्ये लावायला सांगितलाय. आणि चौथा... जमलं तर खोलीबाहेर."