तारेचा माल, फोनचा माल

"फोन जिंकून राह्यला, गवईसाहेब. अन् तेच मले खटकते."

नांदुऱ्याचे कापसाचे अडते हिंमतराव सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला आले होते ते थेट दयाराम गवईंच्या खोलीवर. गवई पोलिसातली नोकरी सोडून खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे स्नेही नारायणराव, कोर्टातले जुने कारकून, चहा बशीत ओतता ओतता थांबले.

हकीकत अशी होती. हिंमतरावांनी गेल्या साली पेढीवर टेलिफोन घेतला. खर्च फार, आणि गावात असा नाद कुणालाच नव्हता. फोन खरंच फायदा देतो का, हे पाहायला त्यांनी या हंगामात एक कसोटी लावली. मुंबईचा सकाळचा भाव फोनवरही मागवायचा आणि पूर्वीसारखा तारेनंही. निम्मा कापूस फोन आला की विकायचा, निम्मा तार वाचल्यावरच. फोन हरला तर संक्रांतीला काढून टाकायचा.

"दिवाळीपासून तारेचा माल रोज मागं पडते. मी बाजारात हुभा राह्यतो. तारेचा निरोप येईपर्यंत चांगले गिऱ्हाईक निघून जातात. पोस्टमन म्हणते, मी तर वेळेवर देतो. म्हणजे मधात आमचा मुनीम मोतीराम तार दाबते, अर्जुनराव अडत्याले दाखवते, अन् मंग मले धाडते. शाबीत करून द्या. त्याले काढतो, अन् फोनही काढतो."

"पण फोन फायदा देते, तर तो काऊन काढता?" गवईंनी विचारलं.

"खोटा फायदा मले नको," हिंमतराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

ते गेल्यावर नारायणराव हसले. "मुनीम चोर. सोपं आहे."

"नारायणराव, नफा नको म्हणणारा व्यापारी मी आज पहिल्यांदा पाह्यला. त्याच्यापासूनच सुरुवात करू."

दुसऱ्या दिवशी दोघं नांदुऱ्याला पोचले. पुढं पेढी, मागं घर. गादीजवळच्या टेबलावर काळा टेलिफोन होता. त्याच्यावर जास्वंदीचं ताजं फूल ठेवलेलं होतं.

मोतीराम मुनीम हात जोडून उभे राहिले. केस पांढरे, डोळे सुजलेले. "साहेब, उभा जन्म या पेढीवर गेला. आता गाव मले चोर म्हणून राह्यलं. कोणत्या तोंडानं घरी जाऊ?"

"तार आली की काय करता?"

"रीतीनं घेतो, वाचतो, हमालासंगं बाजारात निरोप धाडतो. एका पायावर."

"अन् फोन कोण घेते?"

"मीच. मालकाले पहिले लई हौस होती, घंटी वाजली का धावत येत. चैतापासून हात लावत नाहीत."

गवईंनी आदल्या दिवशीची तार मागितली. कागद हातात घेतला, नाकाशी नेला आणि नारायणरावांपुढं धरला. कोपऱ्यावर पिवळसर डाग होता.

"हळदीचा असन. मुनीम वरण-भात खाऊन आले," नारायणराव म्हणाले.

"वरणाले कापराचा वास येते का?"

समोरच्या दुकानात अर्जुनराव अडते तक्क्याला रेलून पान लावत होते. आरोप ऐकून त्यांना रागाऐवजी हसू आलं.

"मले तार कायले पाह्यजे? मोतीरामाचं तोंड पाह्यलं का भाव समजते! भाव पडला का त्याचं धोतरही पडल्यावाणी चालते." मग त्यांचा आवाज उतरला. "हिंमतरावाचं बिनसलं आहे, साहेब. पोरगा निवृत्ती भांडून मुंबईले गेला. भांडण कशाचं? पोराले पेढीवर फोन पाह्यजे होता, बाप नाही म्हणे. पोरगा गेल्यावर मात्र घेतला! मंग मुंबईले जाणाऱ्या हरेकाले पकडून विचारे, आमचा निवृत्ती दिसला का बे? चैतापासून विचारणंच बंद. राग धरला असन."

परत आले तेव्हा कौशल्याबाई, हिंमतरावांच्या पत्नी, देवघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसल्या होत्या. चेहरा उपासानं सुकलेला.

"बाई, अजून फराळ नाही?"

"फोन येऊन गेला का मंग. मुंबईची घंटी वाजल्याबिगर मी तोंडात पाणी घेत नाही."

"चातुर्मासाचे नेम कार्तिकात सुटतात ना?"

"लोकाईचे सुटतात. मी वाढवले. पूजाही वाढवली, आता पोथी संपल्यावरच आरती." त्या वातीकडे बघत बोलत होत्या. "कशासाठी ते विचारू नका. बोललं तर फळत नाही."

"हिंमतराव पाळतात का नेम?"

"ते कुठले! यंदाच चैतात लोणारच्या धारेच्या तीर्थावर जाऊन मुंडण करून आले. नवस होता म्हणे. मले काही नेलं नाही. नवस जोडीनं फेडतात का एकट्यानं, तुमीच सांगा!"

 बाहेर येऊन गवईंनी चष्मा पुसला आणि तो बराच वेळ हातातच धरून राहिले.

"उलगडलं?" नारायणरावांनी विचारलं.

"हो. न उलगडतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाव यायच्या आधी, हिंमतराव, मोतीराम आणि कौशल्याबाई पेढीवर जमले. बाई दाराआड उभ्या होत्या.

"मोतीरामनं तार दाबली नाही," गवई म्हणाले. "ते 'रीतीनं' घेतो म्हणाले. काय रीत, मोतीराम?"

"तार पहिले देवापुढं ठेवतो," मोतीराम गोंधळून म्हणाले. "आईसाहेबांचा भाऊ वारल्याची तार आलती तवापासून. आरती झाल्याबिगर या घरात तार उघडत नाहीत."

"ते मलेही माहीत आहे," हिंमतराव म्हणाले. "आरतीले असा कितीक वेळ लागते?"

"पहिले नव्हता लागत," गवई म्हणाले. " कागदावर गंधाचा डाग आहे, कापराचा वास आहे. अन् ज्या दिवाळीपासून तार मागं पडली, त्याच दिवाळीपासून पूजा लांबली. इथं सगळ्याईनं तारेची वाट मोजली, देवघर कोणीच मोजलं नाही. घरच्या रीतीले कोणी उशीर म्हणत नाही."

दाराआडून हुंदका आला.

"म्या केलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "मोतीरामदादा, तुमच्या पाया पडते. तुमच्यावर बालंट येईन असं ध्यानात नाही आलं. फोन हरला असता तर यायनं काढला असता. निवृत्तीले म्या गावच्या माणसाहाती नंबर धाडला आहे. त्यानं कधी फिरवला, अन् इथं फोनच नसला तर?"

मोतीराम डोळे पुसत म्हणाले, "आईसाहेब, मले सांगतलं असतं तर म्याच तार दाबली असती!"

बाई आत पूजेला गेल्या. मोतीरामही बाहेर ओट्यावर गेले. गवई आणि नारायणराव हिंमतरावांच्या शेजारी बसले.

"अर्धंच सांगितलं मी, हिंमतराव. फायद्याचा फोन तुम्हाले नको. चैतापासून त्याले हात नाही. पोराची विचारपूस चैतापासून बंद. अन् चैतातच लोणारच्या धारेवर मुंडण, बायकोले न सांगता. तिथं नवसाचे लोक जातात, अन् पिंड घालणारेही."

हिंमतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"दवाखान्याचा फोन होता," ते म्हणाले. "तापानं गेला. वळखीचं कोणी नव्हतं. खिशात या पेढीचा नंबर सापडला, म्हणून लावला त्यायनं. घंटी वाजली, अन् म्या हौसेनं धावत जाऊन उचलला." त्यांनी मांडीवरचं पागोटं घट्ट धरलं. "घंटी वाजते तवा ती हातातलं टाकून उठते. रोज. मले पाह्यवत नाही. फोन गेला तर उठणं तरी बंद होईन, असं वाटलं."

"तुम्ही तो हरवून राह्यले, त्या तो जिंकवून राह्यल्या. कापसाचा भाव इथं कोणीच मोजत नव्हतं."

"तुमी सांगा तिले."

"नाही. हे तुम्हीच सांगायचं."

तेवढ्यात घंटी वाजली.

आत ताम्हण खणकन पडलं. कौशल्याबाई ओल्या हातांनी, पदर सावरत लगबगीनं आल्या. मोतीराम दारातच थबकले. हिंमतराव उठले आणि फोनच्या आड उभे राहिले. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"बस, कौसल्ये. तो फोन येऊन गेला."

"कोणाचा?"

"आपल्या निवृत्तीचा. नंबर खिशातच ठेवला होता पोरानं."

तिचा सुकलेला चेहरा एकदम उजळला. इतका, की नारायणरावांनी मान खाली घातली.

"ठेवला होता ना? मी म्हणत नव्हती का!" ती म्हणाली. मग रुसल्यासारखी नवऱ्याकडे बघत तिनं विचारलं, "मंग मले काऊन नाही दिला?"

घंटी वाजतच राहिली. फोन कुणीही उचलला नाही.