उष्टं पाणी

रविवारी सकाळी ताईने स्वयंपाकघरातलं टेबल कोरडं पुसलं, तीन पांढरे कप ओळीने मांडले आणि हाक मारली, "चाखोबा, या! पेपर तयार आहे."

चाखोबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. बिस्किटांना, सरबतांना, औषधाच्या गोळ्यांना स्वाद पुरवणाऱ्या एका कंपनीत तो चव घेण्याच्या कामावर होता. नाकाने कांदे सोलायचे म्हणून पगार मिळणारा हा जगातला एकमेव माणूस, असं आई म्हणायची. पण मध्ये त्याला ताप आला. साधासुधा नव्हे, एका दुपारी तर डॉक्टरांनी हात टेकले होते. मग तो आपला आपण उठून बसला, घरी आला, थट्टामस्करी करू लागला. चव आणि वास मात्र परत आले नाहीत. कॉफी काय अन् कोमट पाणी काय, त्याला सगळं सारखंच. कंपनीने सोमवारी फेरचाचणी ठेवली होती. नापास झाला की रवानगी खोकी बांधायच्या विभागात. तो हसण्यावारी न्यायचा, पण जेवताना मान खाली घालून पुठ्ठा चघळल्यासारखं चघळायचा, आणि ते बघून ताईचा जीव तुटायचा.

म्हणून हा सराव. चव घेणाऱ्यांची एक रीत असते. तीन कप, त्यांतले दोन सारखे, एक वेगळा. खुणेची चिठ्ठी कपाच्या बुडाला. प्रत्येकातलं चमचाभर तोंडात घोळवायचं आणि वेगळा कप दाखवायचा. 'कळत नाही' म्हणायची सोय नाही. कळो न कळो, बोट ठेवायचंच. साखर, मीठ, लिंबू, सगळं करून झालं होतं. चाखोबाचं बोट पडायचं ते भलत्याच कपावर.

ताईचं स्वतःचं काम अगदी दुसऱ्या टोकाचं. अणूच्या गाभ्यात कण कसे रचले जातात, आणि त्या रचनेमुळे गाभा चेंडूसारखा गोल होतो की अंड्यासारखा लांबट, याचं गणित ती संगणकावर मांडायची. त्या दिवशी तिने प्रयोगशाळेतून छोट्या बाटल्या आणल्या होत्या. सगळ्यांत कॅल्शियमचंच पाणी, पोटात गेलं तरी काही न होणारं. फरक इतकाच, की एकीतल्या गाभ्यात दुसरीपेक्षा काही कण जास्त. हा फरक जिभेला कळत नाही. कोणाच्याच जिभेला नाही. एकदा तरी त्याला असा पेपर द्यावा, ज्यात सगळं जग त्याच्याबरोबर नापास होईल, एवढाच तिचा भाबडा बेत होता.

त्याने तीन चमचे घोळवले आणि मधल्या कपावर बोट ठेवलं. "हा."

बरोबर होतं. तिने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि कप फिरवले. पुन्हा बरोबर. परत फिरवले. परत बरोबर.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला, "हा गोल आहे! हे दोन लांबट. चव नाही गं, आकार! आकार लागतोय जिभेला!"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो आनंदाचा. गोल आणि लांबट हे शब्द तिने घरात कधी उच्चारले नव्हते. तिने तिसरी बाटली उघडली. या गाभ्याने तिला जेरीस आणलं होतं. गणित एकदा गोल म्हणायचं, एकदा लांबट, आणि कुठेच थांबायचं नाही. टेबलाच्या कडेला उघड्या लॅपटॉपवर ते आत्ताही चाललंच होतं.

चाखोबाने चमचा तोंडात धरला. कपाळाला आठी पडली.

"याचं ठरतच नाहीये. घटकेत असा, घटकेत तसा." त्याने दुसरा चमचा घेतला. "थांब... ठरलं. लांबट."

लॅपटॉप टिंग करून वाजला. गणित थांबलं होतं. पडद्यावर एकच उत्तर होतं, लांबट.

योगायोग, असं ताईच्या डोक्यात आलं आणि निघून गेलं. तिने भावाचे दोन्ही हात धरून स्वयंपाकघरातच फेर धरला. आतून आई आली, हातात कॉफी.

"काय धिंगाणा चाललाय? खालच्यांचं छत पडेल."

"आई, आली माझी जीभ!" चाखोबाने तिचा कप हिसकावून घोट घेतला आणि ओरडला, "तुझं उष्टंसुद्धा कळतंय! कॉफी नाही कळत, पण तू कळतेस!"

"काहीतरीच बाई तुझं," आई म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले.

"सिद्ध कर," ताई म्हणाली. तिला आता चैन पडणार नव्हतं.

तिने तीन कप घासून धुतले, बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि नळाचं पाणी काठोकाठ भरलं. एकातलं आईने प्यायलं, एकातलं तिने. तिसऱ्यातलं चाखोबाने चांगला मोठा घोट घेऊन प्यायलं. गळ्याची घाटी खालीवर झालेली तिने पाहिली. मग तो भिंतीकडे वळला आणि तिने कप फिरवले.

पहिला चमचा. "आई."

दुसरा. "तू. घाईत प्यायलीस." दोघी हसल्या.

तिसरा चमचा त्याने बराच वेळ तोंडात ठेवला.

"हा वेगळा," तो म्हणाला. "हा उष्टा नाहीच. याला कोणी तोंडच लावलेलं नाही."

"अरे वेड्या, उरला तो तुझाच ना!" आई म्हणाली.

"नाही गं. पैज लाव. इथे कोणी नाहीये."

ताईने पहिल्या दोन कपांची बुडं पाहिली. आईचा. तिचा. दोन्ही बरोबर.

"बरोबर ना, ताई?" तो लहान मुलासारखा टाचा उंचावून विचारत होता. "सांग ना! उद्या मी पास ना?"

इतक्या दिवसांत त्याचा चेहरा असा फुललेला तिने पाहिला नव्हता.

"पास," ती म्हणाली.

त्याने आईला मिठी मारली. आई हसत होती, रडत होती, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

ताईने कप मोरीकडे न्यायला घेतले. पहिले दोन सहज उचलले गेले. तिसरा अजून काठोकाठ भरलेलाच होता. तिने तो जपून, दोन्ही हातांनी उचलला, तरी पाणी काठावरून सांडलं आणि तिच्या बोटांवरून खाली ओघळलं.