दुसरी पत्रपेटी

अल्डर बेंडच्या नगरपालिकेत त्या दुपारी बसायला जागा उरली नव्हती, म्हणून सोल्वे भिंतीला टेकून उभी होती. बाहेर एप्रिलचा शेवटचा बर्फ वितळत होता आणि सभागृहात ओल्या लोकरी कोटांचा वास भरून राहिला होता. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर नंबर होता एकेचाळीस. माइकवर आत्ता कुठे सतरावा माणूस आला होता.

"शेजारच्या प्लॉटवर चार बिऱ्हाडं चढवलीत, तर माझ्या टोमॅटोंवर सावली पडेल," तो पोटतिडकीने सांगत होता. "मी त्या हिरव्या टोमॅटोंचं करायचं काय?"

"लोणचं," सोल्वेच्या कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं.

तिला खुदकन हसू आलं. तिने मान वळवली. डाव्या भुवईतली ती बारीकशी खूण. एका बाजूला झुकणारं ते हसू. कॅलम रीड! बारा वर्षांपूर्वी समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारा कॅलम.

"ओळखलंस?"

"नाही," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

"बरं झालं. मीही नाही ओळखलं तुला. नंबर कितवा?"

"एकेचाळीस."

"माझा बेचाळीस. म्हणजे मी अजून तुझ्या मागेच आहे."

सोल्वेने चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"दोन पत्रं लिहिली होती मी तुला," तो समोर बघतच म्हणाला.

"मिळाली."

"मग?"

"उत्तराची सुरुवात कशी करायची, ते सुचेना."

"बारा वर्षं?"

"मी… हळू लिहिते."

तो हसला. ती मात्र हसू शकली नाही. कारण सुरुवात तिला चांगली माहीत होती. लिहायचं धैर्य तेवढं नव्हतं.

त्या काळी लार्च स्ट्रीटवर एका प्लॉटवर एकच घर आणि एका घरात एकच कुटुंब, असा कायदा होता. आजही तोच होता आणि तोच बदलायचा की नाही, यावर ही सुनावणी चालली होती. समोरच्या घरातल्या एकलंडबाईंना नवरा गेल्यावर एवढं मोठं घर खायला उठायचं. त्यांनी वरचा मजला कॅलमला आणि त्याच्या आईला भाड्याने दिला. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण सगळे गप्प होते. फक्त कॅलमचं टपाल एकलंडबाईंच्या पेटीत पडायचं आणि त्यांच्या बियाण्यांच्या जाहिरातींमध्ये हरवायचं.

म्हणून सोळा वर्षांच्या सोल्वेने एक पत्र्याची पेटी आणली, निळी रंगवली, वर पांढऱ्या रंगात त्याचं नाव लिहिलं आणि त्याच्या सतराव्या वाढदिवसाला ती दाराशी, जुन्या पेटीशेजारी ठोकली. कॅलमने पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याचे कान लाल झाले. कुंपणावरचा लायलॅक फुलला होता. संध्याकाळभर दोघं पायरीवर बसून होते, गुडघ्याला गुडघा लागलेला… आणि दोघांपैकी एकानेही तो बाजूला घेतला नाही. तशी संध्याकाळ सोल्वेच्या आयुष्यात पुन्हा आली नाही.

नऊ दिवसांनी शेजारचं कुंपण तपासायला नगरपालिकेचा माणूस आला. एका दाराशी त्याला दोन पेट्या दिसल्या. आणखी पुरावा त्याला नकोच होता. सोल्वे तेव्हा झुडपांमागे उभी होती. एकलंडबाईंना तो काय विचारतोय, ते तिने सगळं ऐकलं. तीस दिवसांत मायलेकरांनी घर सोडलं.

"नंबर एकेचाळीस, सोल्वे लिंडहोम," नगराध्यक्षबाईंनी पुकारलं. "तीन मिनिटं."

माइकसमोरचा हिरवा दिवा लागला. तिने भाड्याचे आणि घरांचे आकडे लिहून आणले होते. तिने तो कागद बाजूला ठेवला. अडखळत ती एकलंडबाईंविषयी बोलली, वरच्या मजल्यावरच्या मायलेकरांविषयी बोलली. दिवा पिवळा झाला. "आणि त्यांचं घर गेलं, ते… ते माझ्या…"

दिवा लाल झाला. "वेळ संपली," नगराध्यक्षबाई म्हणाल्या.

"बेचाळीस नंबर," मागून आवाज आला. "माझी तीन मिनिटं यांना द्या."

तशी मुभा नियमात होती. दिवा पुन्हा हिरवा झाला. आता मात्र सोल्वे नगराध्यक्षांकडे पाठ करून बोलली.

"कॅलम, तुझं घर माझ्यामुळे गेलं. ती पेटी बघूनच त्यांना कळलं. तुझ्या पत्रांना मी कोणत्या तोंडाने उत्तर देणार होते?" तिने डोळे पुसले आणि ती पुन्हा माइककडे वळली. "पुढच्या वेळी कुणा मुलीने कुणाच्या दाराशी पेटी लावली, तर त्याचं टपाल वेळेवर यावं. एवढंच व्हावं. कायदा बदलावा, असं माझं मत."

टोमॅटोवाले गृहस्थ बुटांकडे बघत होते. नगरसेवकांनी आणखी तासभर चर्चा केली आणि मतदान पुढच्या मंगळवारवर ढकललं.

बाहेर पायऱ्यांवर वळचणीचं पाणी टपटपत होतं.

"मला माहीत होतं," कॅलम म्हणाला. "नोटिशीला फोटो जोडला होता. निळी पेटी, सुंदर अक्षर."

"आणि तरी पत्रं लिहिलीस?"

"म्हणूनच लिहिली. तू मनाला लावून घेशील, हे कळत होतं ना मला. ती पेटी अजून आहे. आता तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे लावायला जागा नाही. चमचे ठेवतो तिच्यात."

सोल्वेला रडता रडता हसू आलं.

"एक विचारू? माझं नाव इतकं वर का लिहिलंस? खाली अर्धी पेटी रिकामीच आहे."

"अंदाज चुकला."

"सोल्वे…"

ती गटाराकडे धावणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. "खाली माझं नाव यायचं होतं," ती म्हणाली.

कॅलमचे कान लाल झाले, अगदी सतराव्या वर्षी झाले होते तसे.

"मंगळवारी पेटी घेऊन येतो," शेवटी तो म्हणाला. "पांढरा रंग तू आण."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर? एका घरात एकच कुटुंब, असंच ठरवलं तर?"

"मग एकच होऊ."

याला उत्तर द्यायला सोल्वेला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.