सुराच्या मागून पडलेलं बोट

मी थापा मारत नाही. आमच्या घरात माझ्यासमोर थापा मारायची कुणाची हिंमतही नाही. चार यत्ता शिकलेली बाई आहे. शुद्धलेखन बघू नका, घडलं ते बघा.

गेल्या महिन्यातला रविवार. टळटळीत दुपार. आमच्या घराची मागची खोली.

माझा मुलगा बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. त्या दिवशी तो आवाज बदलणारं नवं मल्टी-इफेक्ट्स पेडल जुन्या प्रीअँपला, म्हणजे आवाज वाढवायच्या डब्याला, जोडत होता. मी दारात शेंगा सोलत बसले होते. शेंगा निमित्ताला. सून सारखी आत-बाहेर करत होती आणि दोघं माझ्याकडे बघून हसत होती. काहीतरी शिजत होतं.

"हे काय लावलंस रे?"

"आई, प्रीअँपला एकामागून एक दोन लूप आहेत. प्रत्येकाच्या सेन्डच्या भोकातून आवाज बाहेर जातो, पेडलमध्ये नटतो आणि रिटर्नमधून परत येतो."

"म्हणजे माहेरी जाऊन आल्यासारखं."

"पण हा लवकर परत येतो, आई," सून म्हणाली.

जीभ आहे तिला.

त्याने तार छेडली. काहीच वाजलं नाही. वाकून मागे बघितलं आणि कपाळाला हात लावला. घाईत उलटं जोडलं होतं. दुसऱ्या लूपमधून निघालेला आवाज पहिल्या लूपमध्ये परत येत होता. निघाला त्याच्याही आधीच्या जागी.

"असं लावलं तर कर्कश शिट्टी वाजायला हवी," तो म्हणाला. "आवाज गोल गोल फिरत राहतो."

शिट्टी वाजली नाही.

खोली गप्प होती... नको इतकी गप्प. रस्त्यावरच्या गाड्याही ऐकू येईनात.

मग स्पीकरमधून एक जाड सूर आला...

आणि त्यानंतर मुलाचं बोट तारेवर पडलं.

आधी सूर. मग बोट.

"पुन्हा वाजव," मी म्हणाले.

पुन्हा तेच.

म्हातारीच्या डोळ्यांचा दोष म्हणाल, तर सुईत दोरा अजून मीच ओवते. मला वाटलं, दोघं मिळून माझी गंमत करतायत.

"हात वर कर."

त्याने दोन्ही हात वर केले.

स्पीकर खरखरला... आणि एक बाई बोलली.

"ऊठ रे... पोरा, ऊठ ना रे..."

आवाज माझा होता.

माझं तोंड मिटलेलं होतं.

मुलाने स्पीकरची वायर उपटली. ती त्याच्या हातात लोंबत असताना परत एकदा तेच आलं... "ऊठ ना रे..."

मी सुनेकडे वळले. "मोबाईल दाखव. माझं बोलणं टेप करतेस?"

तिने मोबाईल दिला. चेहरा पांढराफटक.

"आई, तुम्ही यांना उठवता ते पांघरूण ओढून, शिव्या घालून. तुम्हाला असं विनवताना मी कधी ऐकलंय, ते टेप करू?"



खरंच, मी कुणाला विनवलेलं नाही. नवरा गेला तेव्हाही नाही.

मोबाईलमध्ये काही सापडलं नाही. मुलगा म्हणाला, "रेडिओ पकडला असेल."

"रेडिओवर मी कधी गेले रे?"

तो वाकून वायरी सरळ लावायला लागला.

वायरी सरळ लावल्यापासून सगळं नीट वाजतं. आता सूर बोटानंतर येतो. मी दारात बसून बघते रोज.

पण त्या दिवसापासून मी त्याला उठवत नाही. सून उठवते. तिच्यावरचा माझा संशय काही गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. ती लबाड निघाली तर मी तिचे पाय धरीन.

आज ती सकाळीच कामाला गेली. काल बँडचा कार्यक्रम होता, मुलगा उशिरा आला. ऊन पार ओट्यापर्यंत आलंय... तो अजून खोलीतून बाहेर आलेला नाही.

दोनदा दाराशी जाऊन आले. कान लावला. फक्त पंखा ऐकू येतो...

आत जाऊन हलवावं म्हटलं, पण त्या वेळी माझ्या तोंडातून त्या स्पीकरमधलंच काही निघणार नाही, याचा मला भरवसा नाही.

म्हणून हे लिहीत बसलेय.

उठेल तो. त्याचा तो उठेल.