चारनंतरची सपाट रेघ

चार वाजून बारा मिनिटांनी स्क्रीनवरची जांभळी रेघ पुन्हा सपाट झाली.

सलग तिसरा दिवस, आणि वेळही तीच. इन्चार्ज सिस्टर मृणालिनी चहाचा कप तसाच ठेवून बेड नंबर चारकडे धावली.

बेडवर दशरथ पाटील होते. घोडबंदरचे, उमेदीची वर्षं मिठागरात गेलेली. न्यूमोनिया होऊन भाईंदरच्या या आयसीयूत व्हेंटिलेटरवर आले, त्याला अकरा दिवस झाले होते. त्यांच्या नाकातून पोटात जाणारी नळी खास होती. तिच्यातून पेज जायची, आणि तिच्यावरचे बारीक सेन्सर श्वासपटल स्वतः किती काम करतंय ते टिपायचे. श्वासपटल म्हणजे फुफ्फुसांखालचा स्नायूंचा पडदा. तो काम करायला लागला की रेघ उसळते. रेघ सपाट झाली, तर माणसाने सगळा भार मशीनवर टाकला असं समजायचं.

डॉ. क्षितिजा यांनी सकाळीच सांगितलं होतं, की पडदा रोज असा दमत असेल तर तोंडातली श्वासाची नळी काढता येणार नाही. उद्या दहा वाजता मानेला भोक पाडून तिथून श्वास द्यायचा. संमतीचा कागद यतीनच्या, म्हणजे पाटलांच्या मुलाच्या, खिशात होता. सही बाकी होती.

दाराशी तो दिव्याला अडवून उभा होता. ड्युटीवरची नर्स तीच.

"सिस्टर, खरं सांगा. दुपारी झोपेचं औषध वाढवताय ना? पेशंट गप्प पडला की तुम्हाला बरं."

दिव्या नुसती खाली बघत राहिली.

मृणालिनीने औषधाच्या पंपाची नोंद काढली. तीन दिवसांत डोस वाढला नव्हता. मग व्हेंटिलेटरची. त्या मशीनला कोणी बोट लावलं तरी ते लक्षात ठेवतं, अगदी सासूसारखं. पण तिथेही कोणी काही बदललं नव्हतं.

राहिला पायाशी टांगलेला तक्ता. नाकापाशी नळीवर सेंटिमीटरचा कोणता आकडा दिसतो, तो दर तासाला लिहायचा. बारापासून सहापर्यंत प्रत्येक चौकटीत अठ्ठावन्न. दिव्याचं अक्षर मोत्यासारखं.

मृणालिनीने पाटलांच्या पोटावर तळवा ठेवला आणि थांबली. तळवा वर उचलला गेला. मशीनच्या फुंकरीच्या जरासा आधी. पुन्हा. पुन्हा.

मग ती वाकली. नाकावरची चिकटपट्टी आज जरा जास्तच चकाकत होती. स्टोअरवाला गुणवंत परवापासून कुरकुरत होता, की पट्टीची रिळं तुम्ही खाता की काय.

बाहेर बाकावर पाटलांची बायको पार्वती बसली होती. साडेतीन ते चारची भेट तीच घ्यायची. मृणालिनी शेजारी टेकली.

"काकू, आत गेलात की काय करता?"

"हात धरते. दुसरं काय करू देता तुमी?"

"आणि घरी असते तर? या वेळेला?"

पार्वतीच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "मिठागरावरून येत तवा व्हटावर मीठ बसलेला असायचा. चिरा पडायच्या. चारच्या सुमाराला मी मिशीला तेल लावायची. मिठागर सुटून पंधरा वर्सं झाली, तेल काय सुटला न्हाय." बोलताना तिने हातातली पिशवी उगाचच जवळ ओढली.

साडेचारला मृणालिनीने सगळ्यांना बेडपाशी बोलावलं.

"पडदा दमलेला नाही," ती म्हणाली. "पोटावर हात ठेवून बघा, मॅडम. श्वास आधी हे घेतात, मशीन मागून येतं. रेघ गेली, कारण सेन्सर जागेवर नाहीत. नाकापाशी आत्ता त्रेपन्न दिसतंय. नळी पाच सेंटिमीटर वर आली आहे."

"कोणी ओढली?" यतीन पुढे झाला.

"ओढली नाही, घसरली. काकूंच्या पिशवीत खोबरेल आहे. मिशीवर लावलेलं तेल पट्टीखाली जातं, पट्टी सुटते."

पार्वतीने पदर तोंडाशी नेला.

"पण मग सहानंतर रेघ परत कशी येते?" क्षितिजांनी विचारलं.

"सहाला पेज देतात. त्याआधी नळी तपासावी लागते. कोणीतरी ती गुपचूप आत सरकवतं आणि नवी पट्टी लावतं. दिव्या, आत्ता साडेचार वाजलेत. तक्त्यात पाच आणि सहाचे आकडे कोणी भरले?"

दिव्याने तक्त्याकडे पाहिलं.

"मीच, सिस्टर. नळीही मीच सरकवायचे," ती म्हणाली. "आकडे सगळेच आधी भरून ठेवतात. ड्युटी संपताना घाई होते." गेल्या महिन्यात एका पेशंटची नळी निघाली तेव्हा तिला मेमो मिळाला होता. आता कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. "नळी घसरते म्हणूनच रेघ जाते, हे मला काल कळलं."

"कालच बोलायचं होतंस. उद्या यांच्या मानेला भोक पडलं असतं."

मृणालिनीला आणखी बोलायचं होतं. पण तरुणपणी तिनेही असे तक्ते भरले होते, म्हणून ती थांबली.

"मी नुसती रेघच बघत बसले," क्षितिजा स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी पट्टी काढली, नाक पुसलं, नळी अठ्ठावन्नवर आणून जागेवर असल्याची खात्री केली. जांभळी रेघ उसळली.

यतीनने खिशातला कागद काढून फाडला. पार्वती रडत होती. मृणालिनीने तिचा हात धरला. "काकू, तुमच्या तेलाने रेघ गेली. श्वास नाही गेला."

दिव्याने झाला प्रकार स्वतःच्या हाताने लिहून दिला, मोत्यासारख्या अक्षरात. कॉन्ट्रॅक्टचं काय होणार, ते अजून वर ठरायचं होतं.

दोन दिवसांनी पाटलांच्या तोंडातली नळी निघाली, पाठोपाठ नाकातलीही. त्याच दुपारी चारला दहा कमी असताना पार्वतीने बाटली काढली आणि मृणालिनीकडे पाहिलं. मृणालिनीने मान डोलावली.

"जरा कमी लाव," पाटील घोगऱ्या आवाजात म्हणाले.

चार वाजले. दिव्या तक्ता घेऊन आली. त्यांच्या छातीकडे बघत तिने पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, आकडा लिहिला, आणि पाचची चौकट कोरी सोडली.