वाढीव वेळ

आमच्या धंद्यातली एक गंमत आहे. विमान रोज उशिरा पोचायला लागलं, की आम्ही विमानाला बोल लावत नाही, वेळापत्रक ताणतो. तासाच्या जागी सव्वा तास छापला, की विमान वेळेवर, प्रवासी खूश आणि साहेब त्याहून खूश. मी विमान कंपनीच्या कचेरीत बसून उड्डाणांचा मार्ग, वेळ आणि इंधन ठरवतो. त्यामुळे हे ताणकाम माझ्याच हातचं.

आमच्या एका मार्गावरच्या दोन विमानतळांमधलं अंतर सहाशे किलोमीटर. मध्ये डोंगर नाही, समुद्र नाही. तरी उशीर व्हायला लागला. मी सव्वा तास दिला, पुरेना. दीड दिला, तोही गिळला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! वाऱ्याचा हिशोब केला, इंजिनं तपासून घेतली. सगळं ठणठणीत. मग मीही डोकं खाजवणं सोडलं.

माझी धाकटी बहीण त्याच मार्गावर वैमानिक. एकदा घरी भांडी विसळताना म्हणाली, “दादा, वाटेत ती नदी लागते ना? तिचा अलीकडचा काठ दिसतो, मग नुसती तपकिरी जमीन. गाव नाही, रस्ता नाही. बऱ्याच वेळानं पलीकडचा काठ येतो.”

“नदी आटली असेल.”

“आधी एवढी रुंद नव्हती रे.”

“चष्मा लाव,” मी म्हणालो. एरवी ती फटकन उलटं बोलली असती. त्या दिवशी नळ बंद करून आत निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी पावणेदोन तास मंजूर केले. मी सकाळी आकडा बदलला. त्या दिवशी विमान धाकटीकडे होतं.

भर दुपारी रेडिओवर तिचा आवाज आला. “दोनशे किलोमीटर उरलेत.”

वीस मिनिटांनी पुन्हा. “दोनशेच आहेत, दादा. वेग बरोबर आहे. खाली तीच जमीन.”

मी इंधनाचा काटा विचारला. जेमतेम उरलं होतं. ते ऐकून मागे उभे असलेले साहेब पुढे धावले.

“वेळ वाढवून दे तिला!” ते एकदम ओरडले. “दोन तास कर!”

सवयीनं बोटं निघालीच होती. पण मनात आलं, आजवर आपण वेळ दिला तेवढंच ते अंतर पसरत आलंय.

मी दोन तास केले नाहीत. पहिल्यासारखा एक तास केला.

रेडिओ गप्प झाला.

लगेच पलीकडच्या विमानतळावरून निरोप आला. विमान उतरलं होतं. सगळे सुखरूप. साहेब मटकन खुर्चीत बसले. मला रडू फुटलं. लाज वाटली नाही.

थोड्या वेळानं धाकटीचाच फोन आला. “अरे, रडतोस काय वेड्यासारखा? तासात पोचलो. उन्हात उभी आहे इथे.”

जीव भांड्यात पडला. मी हसणार, तेवढ्यात टेबलावरचा रेडिओ खरखरला.

“दादा, दोनशेच आहेत. पलीकडचा काठ आता दिसतच नाही. दादा, तू वेळ काढून घेतलास का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

“दादा,” फोनवरून धाकटी हळूच म्हणाली, “तुझ्याजवळ कोण बोलतंय? किती घाबरलीय बिचारी.”